स्टीफन फुलर ऑस्टिन

स्टीफन फुलर ऑस्टिन (३ नोव्हेंबर, इ.स. १७९३ – २७ डिसेंबर, इ.स. १८३६) हा टेक्सासमधील पहिल्या अमेरिकी वसाहतीचा संस्थापक, मुत्सद्दी आणि टेक्सास प्रजासत्ताकाचा परराष्ट्रमंत्री होता. त्याला टेक्सासचा जनक असे संबोधले जाते. स्पेनच्या सत्तेचा अस्त, मेक्सिकोचा उदय आणि टेक्सासचे मेक्सिकोपासून विभक्त होणे या तिन्ही घटना त्याच्या पंधरा वर्षांच्या कार्यकाळात घडल्या. मेक्सिकोचा निष्ठावान नागरिक म्हणून त्याने कामास आरंभ केला आणि त्याच देशाविरुद्धच्या युद्धात त्याने सैन्याचे नेतृत्व केले. या स्थित्यंतरामुळे, तसेच गुलामगिरी आणि मूळ रहिवासी यांच्याविषयीच्या त्याच्या भूमिकेमुळे त्याचे चरित्र इतिहासकारांच्या चर्चेचा विषय ठरले आहे.

पार्श्वभूमी : ऑस्टिनपूर्व टेक्सास

टेक्सासची भूमी निर्जन कधीच नव्हती. पूर्वेकडील अरण्यप्रदेशात कॅडो लोकांची शेतीप्रधान गावे होती. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची मुख्य पिके. त्यांच्या भाषेतील मित्र किंवा सहकारी या अर्थाच्या शब्दावरून स्पॅनिशांनी या प्रदेशास तेहास हे नाव दिले व पुढे इंग्रजीत त्याचे टेक्सास झाले. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर कारांकावा लोक मासेमारी व शिकार करून राहत. ऋतुमानानुसार ते किनारा व आतील माळरान यांच्यामध्ये स्थलांतर करीत. मध्य भागात टोंकावा, दक्षिणेस कोआविलतेक समूह आणि पश्चिमेस अपाची यांची वस्ती होती. अठराव्या शतकात उत्तरेकडून आलेल्या कोमांचे लोकांनी अश्वारोहणातील कौशल्याच्या बळावर अपाचींना मागे रेटले आणि विस्तीर्ण माळरानांवर आपले वर्चस्व प्रस्थापित केले.

इ.स. १५२८ मध्ये काबेसा दे व्हाका हा स्पॅनिश प्रवासी जहाज फुटल्यामुळे या किनाऱ्यावर येऊन पडला. त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ स्पेनने या प्रदेशाकडे फारसे लक्ष दिले नाही. इ.स. १६८५ मध्ये फ्रेंच संशोधक ला साल याने किनाऱ्याजवळ किल्ला बांधला. तो अल्पकाळच टिकला, तथापि या घटनेने स्पेन सावध झाला. इ.स. १६९० मध्ये पूर्व टेक्सासमध्ये पहिले ख्रिस्ती धर्मकेंद्र स्थापन झाले व इ.स. १७१८ मध्ये सान अँटोनियो येथे धर्मकेंद्र आणि लष्करी ठाणे उभे राहिले. या धर्मकेंद्राची इमारत पुढे अलामो या नावाने प्रसिद्धीस आली. इ.स. १७५८ मध्ये कोमांचे व त्यांच्या मित्रजमातींनी सान साबा येथील धर्मकेंद्र उद्ध्वस्त केले. स्पॅनिश सत्तेचा पाया येथे किती ठिसूळ होता, हे त्यावरून दिसून आले.

इ.स. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतल्यावर तिची सीमा टेक्सासला येऊन भिडली. इ.स. १८१३ मध्ये स्पेनविरुद्ध झालेला उठाव मेदिना नदीजवळील लढाईत चिरडला गेला आणि त्यानंतरच्या दडपशाहीत प्रांताची मोठी हानी झाली. इ.स. १८२० च्या सुमारास सान अँटोनियो, ला बाहिया (गोलियाड) आणि नाकोदोचेस या तीन ठिकाणी मिळून स्पॅनिशभाषक रहिवासी जेमतेम काही हजार उरले होते. या रहिवाशांना तेहानो असे म्हणत. कोमांचेंच्या धाडी थोपविण्यास सैन्य नव्हते आणि शेती कसण्यास माणसे नव्हती. या रिकाम्या तिजोरीच्या आणि असुरक्षित सीमेच्या पार्श्वभूमीवर परकीय वसाहतकारांना प्रवेश देण्याचा विचार पुढे आला.

जन्म व शिक्षण

स्टीफनचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील ऑस्टिनव्हिल या शिशाच्या खाणींच्या परिसरात झाला. त्याचे वडील मोझेस ऑस्टिन हे खाणमालक व व्यापारी होते. आईचे नाव मेरी ब्राउन. इ.स. १७९८ मध्ये हे कुटुंब त्या वेळी स्पेनच्या ताब्यात असलेल्या मिसूरीत स्थायिक झाले. तेथे मोझेसने शिशाच्या खाणींचा उद्योग उभारला आणि पोटोसी हे गाव वसविले. त्यामुळे स्पॅनिश राजवटीत परकीय म्हणून राहण्याचा अनुभव स्टीफनला बालपणीच मिळाला.

वयाच्या अकराव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी कनेटिकट राज्यातील कोलचेस्टर येथील बेकन अकॅडमीत पाठविण्यात आले. पुढील शिक्षण त्याने केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील ट्रान्सिल्व्हेनिया विद्यापीठात घेतले. इ.स. १८१० मध्ये घरी परतून तो वडिलांच्या व्यवसायात लक्ष घालू लागला. मिसूरी प्रदेशाच्या विधिमंडळाचा तो अनेक वर्षे सदस्य होता. इ.स. १८१९ च्या आर्थिक मंदीत कुटुंबाचा व्यवसाय बुडाला आणि कर्जाचा डोंगर उभा राहिला. स्टीफन प्रथम आर्कान्साला गेला. तेथे इ.स. १८२० मध्ये त्याची न्यायाधीशपदी नेमणूक झाली, परंतु लवकरच ते पद सोडून तो न्यू ऑर्लिन्सला गेला. तेथे जोसेफ हॉकिन्स या वकिलाच्या घरी राहून त्याने कायद्याचा अभ्यास सुरू केला.

वडिलांचा वारसा

दिवाळखोरीतून बाहेर पडण्यासाठी मोझेस ऑस्टिनने टेक्सासमध्ये वसाहत करण्याचा बेत आखला. डिसेंबर, इ.स. १८२० मध्ये तो सान अँटोनियोला पोचला. गव्हर्नर आंतोनियो मार्तिनेस याने त्याला प्रारंभी नकार दिला. त्या वेळी बास्त्रोपचा सरदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या परिचिताची मोझेसशी अकस्मात गाठ पडली. त्याच्या मध्यस्थीमुळे अर्ज पुढे गेला आणि जानेवारी, इ.स. १८२१ मध्ये ३०० कुटुंबे वसविण्याची अनुमती मिळाली. मात्र परतीच्या प्रवासातील हालअपेष्टांनी मोझेसची प्रकृती ढासळली व १० जून, इ.स. १८२१ रोजी त्याचे निधन झाले. योजना स्टीफनने पुरी करावी, अशी त्याची अंतिम इच्छा होती.

स्टीफनला आरंभी या योजनेविषयी विशेष उत्साह नव्हता. कर्जफेडीची निकड आणि वडिलांचा शब्द या दोन कारणांनी त्याने ती हाती घेतली. ऑगस्ट, इ.स. १८२१ मध्ये तो सान अँटोनियोला पोचला, त्याच सुमारास मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाल्याची वार्ता आली. एरास्मो सेगीन या प्रतिष्ठित तेहानो गृहस्थाने त्याला मार्गदर्शन केले आणि पुढे त्यांचा दीर्घ स्नेह जुळला. गव्हर्नरने वडिलांचा परवाना स्टीफनच्या नावे मान्य केला. त्यानंतर त्याने किनारपट्टीची पाहणी करून ब्राझोस आणि टेक्सासमधील कॉलोराडो या नद्यांमधील सुपीक गाळाची जमीन वसाहतीसाठी निवडली. याच दौऱ्यातील रोजनिशीत त्याने कारांकावांविषयी अत्यंत कठोर मत नोंदविले आहे. समूळ नाशाखेरीज त्यांना वठणीवर आणण्याचा मार्ग नाही, असा त्याचा आशय आहे. ज्यांच्या भूमीवर वसाहत व्हावयाची होती, त्यांच्याविषयीचा हा ग्रह वसाहतीच्या स्थापनेपूर्वीच पक्का झाला होता.

मेक्सिको सिटीतील वर्ष

इ.स. १८२१ च्या अखेरीस पहिली कुटुंबे येऊ लागली. आरंभ बिकट होता. सामान घेऊन निघालेले लाइव्हली हे जहाज कॉलोराडो नदीच्या मुखाशी जाण्याऐवजी ब्राझोसच्या मुखाशी पोचले. त्यामुळे ऑस्टिनची व जहाजावरील माणसांची भेटच झाली नाही. त्यातच अवर्षणाने पीक हातचे गेले. लोक हरणाच्या मांसावर दिवस काढू लागले. अशा स्थितीत, स्पॅनिश राजवटीने दिलेला परवाना नव्या सरकारला मान्य नसल्याचे ऑस्टिनला समजले. तो तातडीने मेक्सिको सिटीकडे निघाला व एप्रिल, इ.स. १८२२ मध्ये तेथे पोचला.

तेथे त्याला सुमारे वर्षभर थांबावे लागले. आगुस्तिन दे इतुर्बिदे याने स्वतःस सम्राट म्हणून घोषित करवून घेतले होते. जानेवारी, इ.स. १८२३ मध्ये वसाहतविषयक कायदा संमत झाला, परंतु मार्चमध्ये सम्राटाने सिंहासन सोडल्यामुळे तो रद्द झाला. ऑस्टिनने संयम सोडला नाही. या काळात त्याने स्पॅनिश भाषेवर प्रभुत्व मिळविले, सर्व पक्षांतील नेत्यांशी संबंध जोडले आणि राज्यघटनेविषयीच्या चर्चांतही सहभाग घेतला. एप्रिल, इ.स. १८२३ मध्ये नव्या काँग्रेसने त्याचा करार कायम केला. अन्य अनेक इच्छुक रिक्तहस्ते परतले, त्या वेळी ऑस्टिनला मिळालेले हे यश त्याच्या चिकाटीचे फलित होते. त्यानंतर तो आपल्या नावाची स्वाक्षरी एस्तेव्हान अशी स्पॅनिश पद्धतीने करू लागला.

वसाहतीची उभारणी

मेक्सिकोच्या कायद्यानुसार वसाहतीचा ठेका घेणाऱ्यास एम्प्रेसारिओ असे म्हणत. कुटुंबे आणणे, त्यांच्या चारित्र्याची खात्री करणे, जमिनीची मोजणी करवून घेणे आणि सुव्यवस्था राखणे ही त्याची कर्तव्ये होती. मोबदला म्हणून त्याला जमीन मिळे. शेती करणाऱ्या कुटुंबास १७७ एकर आणि पशुपालन करणाऱ्यास ४,४२८ एकर असे प्रमाण ठरले होते. साहजिकच बहुतेकांनी आपण दोन्ही करतो, असे सांगून दोन्ही प्रकारची जमीन घेतली. अमेरिकेत सरकारी जमिनीसाठी एकरी सव्वा डॉलर रोख मोजावा लागे. मंदीने गांजलेल्या शेतकऱ्यांना टेक्सासचे आकर्षण वाटले ते यामुळे. येणाऱ्यांनी मेक्सिकोशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी आणि रोमन कॅथलिक पंथ स्वीकारावा, अशा अटी होत्या. धर्मविषयक अटीची अंमलबजावणी प्रत्यक्षात सैलपणेच होत असे.

पहिल्या करारान्वये २९७ जमीनपट्टे देण्यात आले. ते मिळविणारी कुटुंबे पुढे जुनी तीनशे या नावाने ओळखली जाऊ लागली. ब्राझोसच्या काठी सान फेलिपे दे ऑस्टिन हे वसाहतीचे मुख्य गाव वसले. इ.स. १८२८ पर्यंत तेथे नियमित नगरपालिका नव्हती. तोवर कायदे करणे, न्याय देणे, मिलिशियाचे नेतृत्व करणे आणि सरकारशी पत्रव्यवहार करणे ही सर्व कामे ऑस्टिनच पाहत असे. इ.स. १८२४ मध्ये त्याने दिवाणी व फौजदारी नियमावली तयार केली. त्याने काढलेला टेक्सासचा नकाशा इ.स. १८३० मध्ये फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाला. इ.स. १८२५, १८२७ आणि १८२८ मधील करारांनुसार आणखी ९०० कुटुंबे वसविण्याची अनुमती त्याला मिळाली.

मोजणी व कारभाराचा खर्च भागविण्यासाठी त्याने एकरी साडेबारा सेंट शुल्क आकारले. त्यावरून वसाहतकारांमध्ये असंतोष पसरला आणि शासनाने ते अमान्य केले. तो अविवाहित होता व ओंडक्यांच्या साध्या घरात राहत असे. इ.स. १८२९ मध्ये त्याचा धाकटा भाऊ ब्राउन पीतज्वराने न्यू ऑर्लिन्स येथे मरण पावला. या आघातानंतर बहीण एमिली पेरी आणि तिचे कुटुंब यांना टेक्सासमध्ये आणण्यासाठी त्याने आग्रह धरला आणि ते पीच पॉइंट येथे स्थायिक झाले.

मूळ रहिवाशांशी संबंध

ऑस्टिनचे मूळ रहिवाशांविषयीचे धोरण त्यांच्या बळानुसार बदलत असे. कोमांचे प्रबळ असल्यामुळे त्याने त्यांच्याशी सलोखा राखण्याचा प्रयत्न केला. टोंकावांना कधी धाकाने, कधी भेटवस्तू देऊन आपल्या बाजूस ठेवले. संख्येने थोड्या असलेल्या कारांकावांशी मात्र आरंभापासून संघर्ष झाला. वसाहतीची जमीन आणि नद्यांची मुखे हा त्यांच्या उपजीविकेचा प्रदेश होता. तेथील शिकार कमी झाल्यावर त्यांनी वसाहतकारांची गुरे मारली, काही वसाहतकारांचीही हत्या झाली आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्या तळांवर हल्ले झाले.

इ.स. १८२३ मध्ये ऑस्टिनने संरक्षणासाठी दहा माणसे पगारावर नेमण्याची योजना आखली. टेक्सास रेंजर्स या दलाचा उगम येथे मानला जातो. इ.स. १८२४ मध्ये त्याने स्वतः कारांकावांविरुद्धच्या मोहिमेचे नेतृत्व केले. अखेरीस ग्वादालूपे नदीच्या पश्चिमेस राहण्याचे त्यांना मान्य करावे लागले. अन्न मिळविण्याच्या जुन्या जागा सुटल्यामुळे हा करार टिकणे अवघड होते. पुढील तीन दशकांत युद्ध, रोगराई आणि विस्थापन यांमुळे कारांकावांचे स्वतंत्र समूह म्हणून अस्तित्व जवळजवळ संपुष्टात आले.

गुलामगिरीचा प्रश्न

वसाहतीतील बहुसंख्य लोक अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आले होते आणि कापूस हे त्यांचे नगदी पीक होते. ऑस्टिनच्या प्रारंभीच्या योजनेत प्रत्येक गुलामामागे मालकास ८० एकर अधिक जमीन देण्याची तरतूद होती. इ.स. १८२२ मध्ये आलेल्या जॅरेड ग्रोस या जमीनदाराने सुमारे ९० गुलाम आणले. इ.स. १८२५ च्या शिरगणतीत वसाहतीची लोकसंख्या १,७९० भरली. त्यांपैकी ४४३ जण गुलाम होते. म्हणजे जवळजवळ दर चार माणसांमागे एकाला स्वातंत्र्य नव्हते. जंगल तोडणे, जमीन नांगरणे आणि कापूस वेचणे या कामांचा मोठा भार त्यांच्यावर होता. तथापि जुन्या तीनशेंच्या यादीत त्यांची नावे आढळत नाहीत.

मेक्सिकोतील राजकीय मत गुलामगिरीच्या विरोधात होते. इ.स. १८२७ च्या कोआविला व टेक्सास राज्याच्या घटनेने नवजात बालकांना स्वतंत्र मानले आणि सहा महिन्यांनंतर नवे गुलाम आणण्यास मनाई केली. ऑस्टिन व त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांमुळे इ.स. १८२८ मध्ये परदेशात झालेले मजुरीचे करार ग्राह्य मानणारा कायदा झाला. त्यामुळे कागदोपत्री मजूर आणि प्रत्यक्षात गुलाम, अशी पळवाट निर्माण झाली. इ.स. १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हिसेन्ते गेरेरो याने देशभर गुलामगिरी रद्द केली, तेव्हाही टेक्सासला सूट मिळाली.

ऑस्टिनचे या विषयावरील विचार सुसंगत नव्हते. काही पत्रांत त्याने गुलामगिरीस भावी संकट मानले व गुलामांच्या उठावाची भीती व्यक्त केली. इ.स. १८३३ मध्ये मात्र टेक्सासला गुलामगिरी अपरिहार्य आहे, असे तो लिहू लागला. मनातील शंका काहीही असल्या, तरी त्याची कृती नेहमीच गुलाममालकांच्या हिताची राहिली. वसाहतीची भरभराट हे त्याचे मुख्य उद्दिष्ट होते आणि कापसावाचून ती होणार नाही, अशी त्याची धारणा होती.

मेक्सिकोशी निष्ठा व वाढता तणाव

डिसेंबर, इ.स. १८२६ मध्ये नाकोदोचेस येथे हेडन एडवर्ड्स या एम्प्रेसारिओच्या गटाने फ्रेडोनिया नावाचे प्रजासत्ताक घोषित केले. जुन्या रहिवाशांच्या जमिनींवरून उद्भवलेल्या वादात त्याचा करार रद्द झाला होता. बंडखोरांनी चेरोकींच्या काही नेत्यांशीही संधान बांधले. ऑस्टिनने हे बंड मूर्खपणाचे ठरविले आणि आपला मिलिशिया मेक्सिकोच्या सैन्यासोबत पाठविला. बंडखोर सीमापार पळाले. मेक्सिकोच्या नेत्यांचा ऑस्टिनवरील विश्वास यामुळे दृढ झाला.

तरीही सरकारची चिंता वाढत होती. इ.स. १८२८ मध्ये जनरल मिएर इ तेरान याने टेक्सासची पाहणी केली. पूर्व भागात मेक्सिकन प्रभाव नगण्य झाला असून हा प्रांत हातचा जाण्याचा धोका आहे, असा त्याच्या अहवालाचा निष्कर्ष होता. त्यानुसार ६ एप्रिल, इ.स. १८३० च्या कायद्याने अमेरिकेतून होणाऱ्या स्थलांतरास बंदी घालण्यात आली. ऑस्टिनने कायद्याचा सोयीचा अर्थ लावून आपल्या वसाहतीपुरती सूट मिळविली, परंतु अन्यत्र असंतोष पसरला. नव्याने आलेल्या, मेक्सिकोशी कोणतेही भावनिक नाते नसलेल्या वसाहतकारांना त्याचा सबुरीचा मार्ग मिळमिळीत वाटू लागला.

इ.स. १८३२ मध्ये अनावाक येथे लष्करी अधिकारी आणि वसाहतकार यांच्यात चकमक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सान फेलिपे येथे भरलेल्या परिषदेचा ऑस्टिन अध्यक्ष होता. एप्रिल, इ.स. १८३३ मधील दुसऱ्या परिषदेने टेक्सासला कोआविलापासून वेगळे राज्य करण्याची मागणी केली. एवढ्या घाईने पाऊल उचलणे ऑस्टिनला पसंत नव्हते. तेहानो नेत्यांना सोबत घ्यावे, असे त्याचे मत होते. तथापि अर्ज घेऊन राजधानीस जाण्याची जबाबदारी त्याच्यावरच आली.

तुरुंगवास

जुलै, इ.स. १८३३ मध्ये तो मेक्सिको सिटीला पोचला, तेव्हा तेथे पटकीची साथ पसरली होती आणि राज्यकारभार ठप्प झाला होता. राष्ट्राध्यक्षपदाचा कार्यभार सांभाळणाऱ्या गोमेस फारियास याच्याशी त्याचा खटका उडाला. निराशेच्या भरात २ ऑक्टोबर रोजी त्याने सान अँटोनियोच्या नगरपालिकेस पत्र लिहिले आणि संमतीची वाट न पाहता राज्य सरकारची जुळवाजुळव करण्याचा सल्ला दिला. आयुष्यभर सावधपणे लेखणी चालविणाऱ्या माणसाची ही एकमेव मोठी चूक ठरली. पुढे परिस्थिती निवळली. स्थलांतरबंदी मागे घेण्याचा निर्णय त्याने मिळविला आणि डिसेंबरमध्ये तो परतीच्या वाटेस लागला. तोवर नगरपालिकेने ते पत्र शासनाकडे पाठविले होते. ३ जानेवारी, इ.स. १८३४ रोजी साल्तियो येथे त्याला अटक झाली.

त्याला मेक्सिको सिटीतील जुन्या धर्मन्यायालयाच्या तुरुंगात ठेवण्यात आले. पहिले काही महिने त्याने एकांत कोठडीत काढले. त्याच्यावर रीतसर खटला चाललाच नाही, कारण एकही न्यायालय हे प्रकरण आपल्या अधिकारक्षेत्रात असल्याचे मान्य करीना. डिसेंबर, इ.स. १८३४ मध्ये जामिनावर सुटका झाली, परंतु शहर सोडण्यास मनाई होती. जुलै, इ.स. १८३५ मधील सार्वत्रिक माफीनंतर तो मुक्त झाला. तब्बल २८ महिन्यांनी, खालावलेल्या प्रकृतीसह तो टेक्सासला परतला.

स्वातंत्र्ययुद्ध

दरम्यान सान्ता आना याने इ.स. १८२४ ची संघराज्यात्मक घटना मोडीत काढून सर्व सत्ता केंद्राकडे घेतली होती. या घटनेच्या आधारेच ऑस्टिनने मेक्सिकोशी निष्ठा राखली होती. सप्टेंबर, इ.स. १८३५ मध्ये ब्राझोरिया येथील सत्कारसमारंभात त्याने सर्वसाधारण परिषद बोलाविण्यास पाठिंबा दिला आणि लवकरच युद्धाशिवाय पर्याय नसल्याचे जाहीर केले. सबुरीचा पुरस्कर्ताच असे म्हणतो आहे, हे पाहून अनेक तटस्थ वसाहतकार युद्धाच्या बाजूस वळले. २ ऑक्टोबर रोजी गोन्झालेस येथे एका तोफेवरून पहिली चकमक झाली. ११ ऑक्टोबर रोजी स्वयंसेवकांनी ऑस्टिनला सेनापती निवडले.

लष्करी अनुभव बेताचा आणि शरीर थकलेले, तरी त्याने सान अँटोनियोला वेढा घातला. शिस्त न मानणाऱ्या स्वयंसेवकांना एकत्र ठेवणे हीच मोठी कसोटी होती. नोव्हेंबरमध्ये त्याने हल्ल्याचा आदेश दिला, परंतु माणसे तयार नसल्याचे अधिकाऱ्यांनी कळविले व आदेश मागे घ्यावा लागला. त्यानंतर अमेरिकेत साहाय्य मिळविण्यासाठी नेमलेल्या तीन प्रतिनिधींपैकी एक म्हणून तो रवाना झाला. डिसेंबरमध्ये सान अँटोनियो टेक्सासच्या ताब्यात आले.

न्यू ऑर्लिन्स येथे प्रतिनिधींनी कर्जाचे करार केले. तेथून ऑस्टिन वॉशिंग्टन व न्यू यॉर्कपर्यंत गेला. जनमत अनुकूल करण्यासाठी केलेल्या भाषणांत व पत्रांत त्याने या संघर्षास वांशिक स्वरूप दिले आणि मेक्सिकन लोकांचा उल्लेख हीन मिश्रवंशीय म्हणून केला. ज्या देशाचे नागरिकत्व त्याने अभिमानाने स्वीकारले होते आणि ज्या तेहानो मित्रांनी त्याला आधार दिला होता, त्यांच्याविषयीची ही भाषा त्याच्या पूर्वायुष्याशी विसंगत होती. याच वेळी एरास्मो सेगीनचा पुत्र ह्वान सेगीन टेक्सासच्या बाजूने लढत होता.

२ मार्च, इ.स. १८३६ रोजी टेक्सासने स्वातंत्र्य घोषित केले. ६ मार्च रोजी अलामो पडले आणि २७ मार्च रोजी गोलियाड येथे शरण आलेल्या सैनिकांची कत्तल झाली. माघार घेताना टेक्सासच्याच लोकांनी सान फेलिपे जाळले. ऑस्टिनच्या पंधरा वर्षांच्या श्रमांचे केंद्र असे राखेत मिळाले. २१ एप्रिल रोजी सॅम ह्यूस्टनच्या सैन्याने सान हासिंतो येथे सान्ता आनाचा पराभव करून त्याला कैद केले. मुख्य लढाई जेमतेम १८ मिनिटे चालली, असे मानले जाते.

अखेरचे दिवस

जूनमध्ये ऑस्टिन परतला. ५ सप्टेंबर, इ.स. १८३६ रोजी झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो उमेदवार होता. मतदानास दोन आठवडेही उरले नसताना ह्यूस्टनने उमेदवारी जाहीर केली. ह्यूस्टनला ५,११९, हेन्री स्मिथला ७४३ आणि ऑस्टिनला केवळ ५८७ मते मिळाली. युद्धोत्तर वातावरणात रणांगणावरील वीर जनतेला जवळचा वाटला. शिवाय सहकारी सॅम्युएल विल्यम्सच्या जमीनव्यवहारांशी ऑस्टिनचे नाव जोडले गेले होते. नवागतांपैकी अनेकांना त्याच्या पूर्वीच्या कार्याची कल्पनाही नव्हती.

मन खचले असूनही ह्यूस्टनच्या आग्रहावरून त्याने परराष्ट्रमंत्रिपद स्वीकारले. कोलंबिया या तात्पुरत्या राजधानीत नीट ऊब नसलेल्या खोलीत बसून तो अमेरिकेची मान्यता मिळविण्यासाठी पत्रे व टिपणे तयार करीत असे. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत त्याला न्यूमोनिया झाला आणि २७ डिसेंबर, इ.स. १८३६ रोजी वयाच्या ४३ व्या वर्षी त्याचे निधन झाले. राष्ट्राध्यक्ष ह्यूस्टनने ३० दिवसांचा शोक जाहीर केला. पीच पॉइंटजवळील गल्फ प्रेअरी येथे त्याचे दफन झाले. इ.स. १९१० मध्ये त्याचे अवशेष ऑस्टिन शहरातील टेक्सास राज्य दफनभूमीत हलविण्यात आले.

स्मारके व मूल्यमापन

इ.स. १८३९ मध्ये टेक्सासच्या नव्या राजधानीस ऑस्टिन हे नाव देण्यात आले. त्याच्या नावे एक काउंटी आणि नाकोदोचेस येथे विद्यापीठही आहे. शिल्पकार एलिझाबेट नाय हिने घडविलेले त्याचे संगमरवरी पुतळे टेक्सासच्या विधानभवनात आणि वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय पुतळा संग्रहात आहेत. इतिहासकार यूजीन बार्कर याच्या इ.स. १९२५ मधील चरित्रग्रंथाने त्याची निःस्वार्थ संस्थापक अशी प्रतिमा रूढ केली. ग्रेग कँट्रेल याच्या इ.स. १९९९ मधील ग्रंथाने महत्त्वाकांक्षा, कर्जाचे ओझे आणि विसंगती यांसह त्याचे अधिक गुंतागुंतीचे चित्र रेखाटले.

ऑस्टिनच्या हयातीत साकारलेले स्वातंत्र्य सर्वांचे नव्हते. इ.स. १८३६ च्या घटनेने गुलामगिरीस संरक्षण दिले आणि आफ्रिकी वंशाचे लोक व मूळ रहिवासी यांना नागरिकत्व नाकारले. इ.स. १८३९ मध्ये चेरोकींना पूर्व टेक्सासमधून हुसकावून लावण्यात आले. सान हासिंतो येथे लढलेल्या ह्वान सेगीनला इ.स. १८४२ मध्ये वैराच्या वातावरणामुळे मेक्सिकोत आश्रय घ्यावा लागला. इ.स. १८४५ मध्ये टेक्सास अमेरिकेत विलीन झाले आणि त्यातून पुढील वर्षी अमेरिका–मेक्सिको युद्ध उद्भवले.

तलवारीपेक्षा अर्ज, नकाशा आणि जमिनीचा दाखला यांच्या बळावर प्रदेश कसा घडतो, याचे ऑस्टिनचे जीवन हे ठळक उदाहरण आहे. दोन भाषांमध्ये व दोन समाजांमध्ये सेतू बांधण्याची क्षमता त्याच्या पिढीतील फार थोड्या वसाहतकारांत होती. तो सेतू त्याच्याच डोळ्यांदेखत कोसळला व तो कोसळण्यास त्याचाही हातभार लागला. वसाहतकारांसाठी मिळविलेली जमीन कारांकावांची उपजीविका हिरावून मिळाली होती आणि ती गुलामांच्या श्रमांनी पिकविली जात होती. त्यामुळे त्याच्या कर्तृत्वाचा विचार करताना या दोन समूहांनी मोजलेली किंमत वेगळी काढता येत नाही.